पिंचन वाचताना गाडी रुळावर कशी आली (माझा अनुभव)

अमेरिकन कादंबरीकार थॉमस पिंचनचं 'ग्रॅव्हिटीज रेनबो' तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा शंभराव्या पानाच्या आत सोडलं. 1973 चं पुस्तक, दुसऱ्या महायुद्धाचा शेवट, लंडनवर पडणारी जर्मन व्ही-टू रॉकेटं, त्यात शेकडो पात्रं, मध्येच गाणी मध्येच केमिस्ट्री, कोण बोलतंय तेच कळेना. मला वाटायचं आपलंच इंग्रजी कच्चं.

चूक एवढीच की प्रत्येक ओळ कळल्याशिवाय मी पुढे जातच नव्हतो. मग त्याचंच 1966 चं 'द क्रायिंग ऑफ लॉट 49' घेतलं, छोटंसं आहे. ईडिपा नावाच्या बाईवर जुन्या प्रियकराच्या इस्टेटीचं बघायची जबाबदारी येते आणि तिला जिकडेतिकडे बूच मारलेल्या पोस्टाच्या कर्ण्याचं चिन्ह दिसायला लागतं, गुप्त टपालसेवा खरंच आहे की कोणी गंमत करतंय हे तिलाच कळत नाही. म्हटलं, बाईंचं पण आपल्यासारखंच! तिथे भीती गेली.

मग मोठं पुस्तक परत काढलं, नाशिकरोड ते सीबीएस सिटीलिंकच्या बसमध्ये रोज दहा पानं, डिक्शनरी बंद. नावं मिसळीच्या बिलामागे लिहायची, तेही नाव तिसऱ्यांदा आलं तरच. पहिलं नाव स्लोथ्रॉप, म्हणजे पुस्तकाचा नायक, बरोबर तर्रीच्या डागावर. फारच अडलं की घरी मोठ्याने वाचायचो, बायको म्हणे कोणाशी भांडताय. तिसऱ्या भागात वीसेक पानं सरळ उडवली, लाज नाही वाटली.

परवा संपलं. कळलं का? अर्धं असेल. बिल अजून पुस्तकातच आहे.