आज्जाचा क्लोन करता येतो काय? पोरांनी विचारलं तर असं बोला

बेळगावपासून थोडं आत आमचं गाव, तिथल्या वाचनालयात रविवारी दहावी-पीयूसीची (म्हणजे अकरावी-बारावीची) पोरं जमतात. एकदा क्लोनिंगवर, म्हणजे एका जिवापासनं त्याची जनुकीय नक्कल घडवण्यावर, बोलायचं ठरलं आणि मी पहिल्याच वाक्यात घाण केली. "समजा घरातलं गेलेलं माणूस परत आणता आलं तर" असं सुरू केलं, तर मागं बसलेलं एक पोरगं गपचूप उठून बाहेर गेलं. त्याचे वडील त्याच वर्षी वारलेले, मला माहीत होतं की, पण बोलायच्या नादात डोक्यातनं निसटलं. तर पहिली गोष्ट ही, समोर कोण बसलंय ते बघा आणि मरणापासून सुरू करू नका. उसापासून करा.

ऊस बी पेरून लावतो काय? नाही, कांडी लावतो. म्हणजे ८६०३२ चा अख्खा फड एकाच उसाचा क्लोन, कोइमतूरच्या ऊस संशोधन संस्थेत निघालेला वाण, कांडीची कांडी होत आपल्या शिवारात आलाय. मग पोरांना विचारायचं, ओढ्याकाठचा ऊस आणि माळावरचा ऊस सारखा का येत नाही गा? एवढं विचारून गप्प बसायचं. पाणी, माती, खत, कुणी वेळेवर भांगलण केली कुणी नाही, सगळं तीच सांगायला लागतात. इथं घाई करू नका, पंधरा मिनिटं गेली तर जाऊ देत, पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं राहतंय.

मग जुळी घ्या. गल्लीत एखादी हुबेहूब जोडी सापडतेच. एकाच गर्भाचे दोन भाग झालेले, म्हणजे निसर्गानंच केलेले क्लोन म्हणा की, तरी बोटांचे ठसे वेगळे, आणि आईला नुसत्या चालण्यावरनं कळतंय कोण आलं ते. आमच्याकडच्या जोडीतल्या एकाला मी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर तो असला भडकला की दोन दिवस बोलला नाही. आता हे नीट समजावून सांगा, कारण बहुतेकांचं इथंच उलटं होतंय: जुळी जेवढी सारखी असतात तेवढा क्लोन मूळ माणसासारखा असायचा नाही. जुळी एका पोटात, एका वेळी, एका घरात वाढलेली. क्लोनला बीजांड सहसा दुसऱ्याच बाईचं, त्यातल्या मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग) थोडा डीएनए तिचा, पोट वेगळं, आणि काळ तर कुठल्या कुठं पुढचा.

कोणतरी रक्तबीज काढणारच. काढू देत, कामाला येतोय. रक्ताचा थेंब पडला की तसाच राक्षस, तेवढाच मोठा, तोच राग डोक्यात घेऊन उभा. विज्ञानातला क्लोन तसा नसतो, तो लंगोटातलं बाळ म्हणून येणार, आठवण शून्य. फक्त "आपल्याकडं हे पूर्वीच होतं" ह्या वळणावर गाडी जाऊ देऊ नका, तिथं तास संपतोय.

सायन्स थोडक्यात उरका. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकलं, दोन्ही विजेच्या झटक्यानं जोडलं. असं २७७ वेळा जमलं, त्यातनं २९ भ्रूण हाताला लागले, ते १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि ५ जुलै १९९६ ला एकच कोकरू जन्मलं, डॉली. आपल्याकडं कर्नालला २००९ मध्ये म्हशीचं पहिलं क्लोन रेडकू आठवडाभरसुद्धा जगलं नाही, त्याच वर्षी नंतर गरिमा नावाचं दुसरं क्लोन रेडकू झालं. मांजराचं सांगितलं तर पोरं खूश होतात: टेक्सासमध्ये २००१ ला तिरंगी मांजरीचा क्लोन केला तर पिल्लात केशरी रंगच उतरला नाही. रंगाची ही तऱ्हा, मग स्वभावाचं काय घेऊन बसलाय.

इथं फळ्यावर २७७, खाली २९ आणि त्याखाली १ लिहा आणि विचारा, माणसात करायचं झालं तर मधले २९ कुणाच्या पोटात? ह्यावर माझं मत पक्कं आहे, एवढ्या बायांना आणि अर्धवट जन्मणाऱ्या बाळांना डावावर लावायचा हक्क कुणाला नाही. पोरांचं मत वेगळं असलं तर ऐकून घ्या. कायद्याचं दोन वाक्यांत सांगा. माणसाचं मूल क्लोन करायला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे, पण २००५ चा संयुक्त राष्ट्रांचा मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी झाला तेव्हा भारत विरोधात होता, कारण उपचारासाठीच्या पेशींचं संशोधनही त्यात अडकत होतं.

आता आज्जाकडं या. प्रत्येकानं आपल्या आज्जाच्या दहा गोष्टी लिहायच्या आणि पेशीतनं येणार नाहीत त्यांच्यावर काट मारायची. आमच्यात एकीनं लिहिलं, आज्जा मुंबई राज्यात शाळेला गेला, १ नोव्हेंबर १९५६ ला गाव न सोडता राज्य बदललं, कानडी पन्नाशीत बाजारात शिकला, चहा बशीतनं प्यायचा, नाक चपटं. शेवटी नाक तेवढं उरलं! त्याच आज्जाचा क्लोन आज गोकाकात वाढला तर पहिला शब्द कानडी बोलेल, आणि त्यात त्याची काय चूक.

खरं तर क्लोन नसतानाही आपण हे करतोच की. आज्जा गेल्यावर नातू झाला की "आज्जाच परत आला" म्हणून त्याचंच नाव ठेवतो, आणि पोरगं गणितात नापास झालं की "आज्जा तोंडी हिशेब करायचा" सुरू. नुसत्या नावानं एवढं ओझं, तर चेहराही तोच असल्यावर त्या पोराला स्वतःचं काय करायला मिळणार? हा प्रश्न टाकला की खरी चर्चा सुरू होतेय, मध्ये बोलू नका.

अर्धा तास नात्यांच्या घोळाला राखून ठेवा. आज्जाचा क्लोन आईच्या पोटी आला तर बाबाचा तो मुलगा का बाप? उताऱ्यावर वारस म्हणून लागणार काय? आई त्याला रागावणार कशी, सासऱ्याचं नाव घेऊन? आमच्यात ह्यावर जाम भांडण झालं, आणि त्या दिवशी उठून गेलेलं पोरगं, पुढच्या रविवारी आलेलं, शेवटी म्हणालं, "माझ्या मागनं जन्मलाय न्हवं, मग मी त्याला अरे म्हणणार. आणि नाव दुसरं ठेवायला लावणार."