ऑफिसातली 'वजन घटवा' स्पर्धा आणि ऑपरेशन झालेलं पोट: या चुका टाळा

सोमवारी सकाळी मीटिंग रूमच्या कोपऱ्यात वजनकाटा आला आणि भिंतीवर नावांचा तक्ता लागला. पाच-पाच जणांचे गट, १२ आठवडे, दर सोमवारी वजन. ज्या गटाचं वजन टक्केवारीने सगळ्यांत जास्त उतरेल, तो जिंकला. माझं गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्यासाठी जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. ऑफिसात हे दोघांनाच माहीत होतं, बाकीच्यांना मी 'पोटाचं छोटंसं ऑपरेशन' सांगून मोकळी झाले होते. मी नाव दिलं. नाही म्हटलं असतं तर 'का गं?' आलं असतं, आणि तेच मला नको होतं.

त्यानंतर जे जे चुकलं, त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं.

काट्यावर सगळ्यांच्या रांगेत उभं राहणं

टक्केवारी लावली की सगळे एका पातळीवर येतात, असं आयोजकांना वाटतं. ११० किलोच्या माणसाने ११ किलो उतरवले काय किंवा ७० किलोच्या माणसाने ७ उतरवले काय, दोघांचे १० टक्केच. पण ऑपरेशनमुळे खाण्याचं प्रमाण, भूक आणि पोटातल्या हार्मोन्सचा हिशोबच बदललेला असतो. पहिले काही महिने वजन झपाट्याने उतरतं, मग वेग मंदावतो आणि साधारण १२ ते १८ महिन्यांत ते तळाला टेकतं. त्यानंतर थोडं परत चढणं अनेकांच्या बाबतीत घडतं. म्हणजे ऑपरेशन ताजं असेल तर तुम्ही फुकट जिंकता आणि दोन वर्षं झाली असतील तर उगाच हरता. दोन्ही वेळा तक्ता तुमच्या मेहनतीबद्दल काहीच सांगत नाही.

पहिले चार आठवडे आमचा गट माझ्या जिवावर वर होता. पाचव्या आठवड्यात काटा थांबला तो तीन आठवडे हलला नाही. असे थांबे येतातच. पट्टा मात्र त्याच काळात एक भोक आत गेला होता, पण पट्ट्याचा रकाना तक्त्यावर नव्हता. 'ताई, या वेळी तुमच्यामुळे मागे पडलो हं,' असं एकाने हसतहसत म्हटलं. त्या रात्री मी जेवले नाही. ऑपरेशननंतरच्या पाचव्या महिन्यात जेवण टाळायचं, तेही एका तक्त्यासाठी!

ऑपरेशनबद्दल न सांगणं हा तुमचा हक्क आहे. ते लपवून बक्षीस घेणं मात्र मला पचलं नसतं. आणि पचनाचा विषय निघालाच आहे, तर पुढची चूक त्याचीच.

वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद करणं

स्पर्धेत मुरलेले लोक रविवारी संध्याकाळपासून पाणी तोडतात. सोमवारी काटा एखादा किलो कमी दाखवतो, मंगळवारी तो परत येतो. त्यांचं फारसं बिघडत नाही, कारण वजन झाल्यावर ते अर्धी बाटली घटाघटा रिचवतात. आपल्याला ते जमत नाही. बायपासमध्ये केलेली जठराची पिशवी सुरुवातीला साधारण ३० मिलीची, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढलेला असतो. दिवसाचं दीड लिटर पाणी घोटाघोटानेच जायला हवं, तेही जेवणासोबत नाही आणि जेवणानंतर अर्धा तास थांबून. अर्धा दिवस चुकला की तो भरून काढायला वेळच उरत नाही. या ऑपरेशननंतर लोकांना पुन्हा हॉस्पिटलात जावं लागतं, त्यात शरीरातलं पाणी कमी होणं हे एक नेहमीचं कारण आहे.

मी एकदाच केलं. काट्यावरून उतरले, खाली वाकून बुटाची नाडी बांधली, उभी राहिले आणि समोरचा तक्ता डावीकडे सरकला. खुर्चीची पाठ हाताला लागली म्हणून वाचले. रक्तदाबाची गोळी जुन्याच डोसने चालू होती, हे त्या दिवशी दुपारी डॉक्टरांशी बोलताना लक्षात आलं. वजन उतरतं तशी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांची गरज बऱ्याचदा कमी होते. डोस तपासून न घेता व्यायाम वाढवला तर चक्कर येऊ शकते किंवा साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस आपल्या मनाने कमी करायचा नाही, फोन करून विचारायचा. उभं राहताना गरगरणं, गडद लघवी, कोरडी जीभ यांतलं काहीही दिसलं की त्या दिवशी व्यायाम नाही, आधी पाणी.

जुलाबाच्या गोळ्या, घाम काढण्याचे प्रकार, 'आज आपण सगळे जेवण टाळू' वगैरेंवर जास्त लिहीत नाही. नाही म्हणजे नाही. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं जायला हवीत (तुमचा आकडा आहारतज्ज्ञ ठरवतील). ती गेली नाहीत तर शरीर स्नायू मोडतं, आणि काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. तो दोन्हीसाठी टाळ्या वाजवतो.

व्यायामाचा क्रम उलटा लावणं

चालणं ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच सुरू होतं, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पुढची घाई मात्र महागात पडते. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनच्या खुणा बाहेरून नखाएवढ्या दिसतात, त्यामुळे आतही तेवढंच झालंय असं वाटतं. साधारण चार ते सहा आठवडे ५ ते ७ किलोच्या वर उचलायचं नाही, पोटावर ताण देणारे प्लँक, सिट-अप्स नाहीत आणि जखमा पूर्ण भरेपर्यंत पोहणं नाही. नेमके आठवडे तुमचे सर्जनच सांगतील. मी कामावर रुजू झाले तेव्हा चौथा आठवडा होता. पाण्याचा २० लिटरचा जार बदलायला 'जरा हात लाव गं' म्हटल्यावर मी हात लावला. बेंबीच्या वर अशी ओढ बसली की दोन दिवस खोकायची भीती वाटत होती. हर्निया झाला नाही, हे नशीब. तेव्हा 'डॉक्टरांनी वजन उचलायला मना केलंय' हे वाक्य तोंडपाठ ठेवा. त्यापुढे कोणी विचारत नाही.

त्यानंतर येते उलटी चूक. सहा आठवडे झाले, परवानगी मिळाली, आणि माणूस फक्त ट्रेडमिलवर. कारण घाम दिसतो, कॅलरीचा आकडा दिसतो. मला विचाराल तर हीच सगळ्यांत मोठी चूक, आणि ती वर्षानुवर्षं चालते. वजन वेगाने उतरताना स्नायू जातात, बायपासनंतर हाडंही विरळ होऊ शकतात. दोन्हींना लागतो ताकदीचा व्यायाम. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हे सर्वसाधारण लक्ष्य आहेच, त्यासोबत किमान दोन दिवस ताकदीचे. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुश-अप्स, रबरी पट्टा ओढणं एवढ्यावरही चांगली सुरुवात होते. मी पहिल्या दिवशी खुर्चीवरून सलग चार वेळा उठले आणि पाचव्यांदा धपकन बसले. तो '४' मी डायरीत लिहिला. काटा रुसला होता त्या तीन आठवड्यांत तो ११ झाला.

वजन उतरल्यावर कातडी लोंबते, घासते, मांड्यांच्या मध्ये चट्टे पडतात. त्यामुळे कित्येक जण चालणं सोडतात आणि कारण सांगायला लाजतात. घट्ट बसणारी लांब शॉर्ट्स आणि घड्या कोरड्या ठेवणं, एवढ्याने बहुतेकांचं काम भागतं.

मिळेल ते एनर्जी ड्रिंक पिणं

जिने चढण्याच्या फेरीत कोणीतरी प्रेमाने केशरी रंगाची बाटली हातात दिली. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, पोटात पिळा आणि मग टॉयलेटकडे धाव. याला डंपिंग म्हणतात. साखर लहान पिशवीतून थेट आतड्यात उतरते आणि तिथे पाणी ओढून घेते. हे बायपासमध्ये जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो, तेव्हा रक्तातली साखरच खाली घसरते, हात कापतात, डोकं बधिर होतं. ऑफिसातल्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. बाटली स्वतःची न्या.

दुखलं की कलीगच्या ड्रॉवरमधली गोळी घेणं

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जठराची पिशवी आणि आतडं यांच्या जोडावर अल्सर (व्रण) होऊ शकतो. गोळीचं नाव वाचल्याशिवाय गिळू नका. पॅरासिटामॉल चालतं का, किती, हे आधीच विचारून ठेवा.

धाप लागली की स्वतःला आळशी ठरवणं

महिनाभर नियमित चालूनही दुसऱ्या मजल्यावर दम लागत असेल तर आधी रक्त तपासा. लोह आणि बी-१२ कमी असेल तर कितीही जिद्द धरली तरी पाय चालत नाहीत. सतत उलट्या आणि जोडीला पायांत मुंग्या किंवा चालताना तोल जाणं म्हणजे थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) कमतरता असू शकते, ती लगेच दाखवायची गोष्ट आहे. शांत बसूनही १२० च्या वर नाडी, ताप, छातीत दुखणं, एका पोटरीला सूज, पोटात कळा येऊन थांबत नाहीत, अशा वेळी ट्रेनरला किंवा ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आधीच नाव दिलं असेल तर बाहेर पडायला ऑपरेशनची कहाणी सांगावी लागत नाही. आठव्या आठवड्यात मी एचआरला एवढंच लिहिलं: 'माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू आहेत, म्हणून दर सोमवारच्या वजनात मी नसेन. गटासाठी चालण्याची मिनिटं मोजता येतील का?' दुसऱ्या दिवशी तक्त्यावर पेनाने एक नवा रकाना आखलेला होता, 'मिनिटं'. शुक्रवारपर्यंत त्यात माझ्याशिवाय आणखी चार नावं आली. त्यातल्या दोघांचा वजनाचा रकाना पहिल्या आठवड्यापासून कोराच होता.