शेण लोटण्याआधी एकदा बघा

सकाळी खराटा हातात घेण्याआधी मी प्रत्येक गायीमागचा शेणाचा पो बघते. ताजाच बघायचा, तुडवलेल्या, मुतात भिजलेल्या शेणावरून काही कळत नाही. गाय दिवसाला 10-15 वेळा तरी शेण टाकते, त्यामुळे पहाटेचं हुकलं तर धारेच्या वेळी मिळतंच.

दुभत्या गायीचं चांगलं शेण नाचण्याच्या घट्ट आंबिलीसारखं पडतं. 4-5 सेंटिमीटर उंच राहतं, कडेला वळ्या आणि मधे खळगा दिसतो. डॉक्टर 1 ते 5 असे गुण देतात. 1 म्हणजे पाणी, 5 म्हणजे घट्ट गोळे, आणि दुभतीला 3 च्या आसपास हवेत. भाकड गायीचं थोडं घट्ट, नुकत्याच व्यालेलीचं थोडं पातळ चालतं.

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मिरगानंतर कोवळं गवत आलं की शेण हिरवं, सैल होतंच. गाय खातेय, रवंथ करतेय, तर घाबरू नका. चरायला सोडण्याआधी पेंढा घाला. मात्र शेण पातळ, वर फेस आणि आंबट वास असेल तर खुराकाचा हात आवरा. जास्त पिठूळ खुराकाने पोटात आम्ल वाढतं, आणि न पचलेलं पीठ पुढे आतड्यात आंबतं. उन्हाळ्यात काजूची बोंडं आणि पिकलेल्या फणसाच्या साली हेच करतात. बागेत सुटलेली गाय भरपूर बोंडं खाऊन आली, खाणं सोडलं, झोकांड्या देऊ लागली, तर त्याच घडीला डॉक्टर बोलवा. इथे घरगुती उपायांत वेळ घालवू नये, असं मी ठामपणे सांगेन.

शंका आली की मूठभर शेण जुन्या चाळणीत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मक्याचे अख्खे दाणे उरले तर भरडा बारीक करा. अर्ध्या इंचाहून लांब काड्या बऱ्याच दिसल्या, तर चारा पोटात पुरेसा न थांबता पुढे सरकलाय. अशा वेळी रवंथ मोजा; एका घासाला 50-60 वेळा चावणं ठीक. चकचकीत, कातडीसारखे चिकट पापुद्रे म्हणजे आतड्याचं अस्तर दुखावलंय.

घट्ट गोळे पडत असतील तर आधी पाणी तपासा, मग ताप.

रक्त, डांबरासारखं काळं शेण किंवा पिचकारीसारखी हगवण दिसली तर थांबू नका. ओल्या शेतात चरणारी गाय खंगत असेल, जबड्याखाली सूज असेल, तर यकृतातल्या चपट्या जंतांचा संशय घ्या. ते गोगलगायींमार्फत पसरतात. औषध पाजण्याआधी ताजं शेण झाकणाच्या डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या.

खुराक बदललात तर शेणात फरक दोन-तीन दिवसांत दिसतो, पण पोटातल्या जिवाणूंना रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून नवी पेंड जुनीत थोडी थोडी मिसळत वाढवा.