कोची बंदर दोन दिवसांत कसे पाहावे

मुन्नार किंवा आलप्पुळा येथे जाताना वाटेत अर्धा दिवस काढून कोची उरकून टाकणारे प्रवासी पुष्कळ असतात. मासेमारीच्या चिनी जाळ्यांसमोर छायाचित्र काढायचे, एक चर्च पाहायचे, मसाल्याची पाकिटे घ्यायची आणि गाडीत बसायचे, असा तो कार्यक्रम असतो. या शहरावर तो अन्याय आहे, कारण येथील प्रत्येक वास्तू मिऱ्याच्या व्यापारामुळे उभी राहिली आहे आणि तो धागा हाती धरून फिरल्याशिवाय त्या एकमेकींशी जोडल्या जात नाहीत. त्यासाठी पूर्ण दोन दिवस आणि फोर्ट कोची या जुन्या भागात एक रात्रीचा मुक्काम ठेवावा.

वार ठरवताना विशेष काळजी घ्यावी. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, ज्यूंचे सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ शुक्रवारी दुपारनंतर, शनिवारी आणि त्यांच्या सणांना बंद असते, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते. त्यामुळे सोमवार ते गुरुवार यांतील कोणतेही दोन दिवस निवडणे सोयीचे ठरते. हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुखाचा असतो.

मुख्य भूमीवरील एर्नाकुलम या भागातून फोर्ट कोचीला पुलांवरून रस्त्याने जाता येते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पाण्यावरूनच जावे. सरकारी फेरीबोट आहे आणि 2023 साली सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या वातानुकूलित बोटीही आता फोर्ट कोचीपर्यंत जातात. 1341 साली पेरियार नदीला आलेल्या महापुराने उत्तरेकडील प्राचीन मुझिरिस बंदर गाळाने भरून गेले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे मानले जाते. वाटेत दिसणारे विलिंग्डन बेट तर मुळात एवढे मोठे नव्हतेच, येथे फक्त एक लहानसे बेट होते. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता 1920 साली येथे आला, त्याच्या देखरेखीखाली बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा बांध कापून खोल मार्ग काढण्यात आला आणि उपसलेल्या गाळाची त्याभोवती भर घालून बाकीची जमीन तयार झाली.

बोटीतून उतरल्यावर किनाऱ्याने चालत गेले की चिनी जाळी लागतात. येथे घाई करू नये. सुमारे वीस मीटर रुंदीचे जाळे लाकडी वाशांच्या टोकांना ताणून बांधलेले असते आणि दुसऱ्या टोकाला, लांबी कमी-जास्त असलेल्या दोरांवर, मोठमोठे दगड टांगलेले असतात. हा तोल इतका नेमका साधलेला असतो की मुख्य वाशावरून एक माणूस पुढे चालत गेला, तरी त्याच्या वजनाने जाळे पाण्यात उतरू लागते. काही वेळाने चार-सहा जण दोर ओढून ते वर घेतात, तेव्हा दगड एकामागून एक खाली टेकत जातात आणि तोल शेवटपर्यंत टिकतो. मासळी अनेकदा मूठभरच निघते. ही हालचाल पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास पाहावी आणि ओढणाऱ्यांनी हात लावायला बोलावले, तर ते पैशांची अपेक्षा ठेवतात हे लक्षात घेऊन त्यांना आनंदाने द्यावेत.

तेथून जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. पोर्तुगीजांनी 1503 साली येथे लाकडी चर्च बांधले व पुढे ते दगडी केले. 1524 साली कोचीतच मरण पावलेल्या वास्को द गामाला याच ठिकाणी पुरण्यात आले होते. 1539 साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, तरी जमिनीतील थडग्याचा दगड अजून आहे. त्याहून बोलके आहेत ते भिंतींत बसवलेले जुने शिलालेख. एका बाजूला पोर्तुगीजांचे आणि समोर डचांचे, असे शत्रू येथे एकाच छताखाली आहेत. बाहेरून दोरीने ओढायचे कापडी पंखेही पाहावेत. सांताक्रूझ बॅसिलिकाची आजची इमारत 1905 सालची असून आतील रंगकामासाठी तेथे अर्धा तास पुरे. डच दफनभूमीला बहुधा कुलूप असते, त्यामुळे ती कुंपणाबाहेरूनच पाहावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा न करता बाजार रोडने मट्टांचेरीकडे चालावे. अंतर दोन-तीन किलोमीटर आहे, आणि माझ्या मते संपूर्ण कोचीतील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. एका बाजूला पाण्याला पाठ लावून उभ्या असलेल्या वखारी, उघड्या दारांतून येणारा सुंठीचा आणि मिऱ्याचा वास, अरुंद रस्त्यात अडकलेल्या हातगाड्या, हे सर्व पाहिल्यावर युरोपातील सत्ता या किनाऱ्यासाठी का भांडल्या हे वेगळे सांगावे लागत नाही.

मट्टांचेरीच्या राजवाड्याला डच पॅलेस म्हणत असले, तरी तो पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास कोचीच्या राजासाठी बांधला होता आणि डचांनी 1663 साली तो दुरुस्त केला. राजाच्या शयनगृहातील भित्तिचित्रांत पुत्रकामेष्टी यज्ञापासून अयोध्येला परत येईपर्यंतचे रामायण आहे. छायाचित्रे काढू देत नाहीत, त्यामुळे एकेक प्रसंग ओळखत सावकाश पाहावे.

1568 साली बांधलेले, ‘परदेशी’ याच नावाने ओळखले जाणारे सिनेगॉग राजवाड्याच्या आवारातील देवळाला इतके लागून आहे की दोहोंची भिंत एकच आहे. पादत्राणे काढून आत गेल्यावर आधी खाली पाहावे. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हाताने निळी चित्रे रंगवलेल्या फरशा तेथे आहेत आणि कोणतीही फरशी दुसरीसारखी नाही, असे सांगतात. दोन शेजारच्या फरशांवरची झाडे निरखली की कुंचल्याचा फटकारा कुठे जाड, कुठे पुसट झाला आहे ते दिसते. बाहेरील घड्याळाच्या मनोऱ्याच्या तबकड्यांवर हिब्रू आणि रोमन असे वेगवेगळे अंक आहेत. येथील ज्यू समाज आता जवळजवळ सर्वच इस्रायलला गेला आहे, म्हणून येथे आवाज हलका ठेवावा.

शेवटी चेर्लाई भागातील तिरुमल देवस्वम मंदिराकडे वळावे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात गोव्यातून आलेल्या गौड सारस्वतांचे हे देवस्थान आहे. याच कोकणी समाजातील रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान रेडे याला मलबारच्या वनस्पतींची माहिती दिली आणि 1678 पासून ॲमस्टरडॅममध्ये छापल्या गेलेल्या बारा खंडांच्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथात त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र आहे. पोशाखाचे नियम दारातच विचारून घ्यावेत. आसपासच्या दुकानांत कोकणी कानावर पडली, तर मराठी माणसाने संकोच न करता बोलावे, कारण रस्ता विचारण्यापुरते तरी दोन्ही बाजूंना नीट समजते.