डॉप्लर, सीटी अँजिओ आणि शिरांचे आजार: रेडिओलॉजीत नवीन आलेल्या पोरापोरींसाठी

एमडी रेडिओलॉजीला सीट लागली की पोरं पहिलं काय विचारतात, तर सर एमआरआय कधीपासून बघायला मिळणार. डॉप्लरचं, म्हणजे सोनोग्राफीनं वाहतं रक्त बघायच्या तपासणीचं, कोण नाव काढत नाही. डॉप्लरची पोस्टिंग लागली की तोंडं वाकडी होतात आणि त्यात त्यांचंही खोटं नाही, एका पेशंटला अर्धा अर्धा तास जातो, वाकून वाकून मान धरते, आणि बाहेर पोटाच्या सोनोग्राफीची लाइन जिन्यापर्यंत गेलेली असते. मी इथंच सांगली-मिरजेत रेडिओलॉजी करतोय, रक्तवाहिन्यांच्या केसेस जरा जास्त आवडीनं बघतो, आणि दर वर्षी नव्या बॅचला तेच तेच सांगावं लागतंय म्हणून म्हटलं एकदा नीट टाइप करून ठेवू.

माझं म्हणणं काय, तर दुर्मिळ आजार नावं पाठ केल्यानं सापडत नाहीत. रक्तवाहिनी जिथनं निघते तिथनं जिथं संपते तिथवर प्रोब (सोनोग्राफीचा अंगावर फिरवायचा दांडा) घेऊन चालत जायची सवय असली की सापडतात. दुखतंय तिथं प्रोब टेकवला, रंग दिसला, उचलला, नॉर्मल लिहिलं, असं करणाऱ्याच्या हाताखालनं तीन वर्षांत निम्म्या गोष्टी निसटून जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही.

आणि इथं शिकायला मिळतं ते पुण्या-मुंबईपेक्षा कमी नाही हे आधी डोक्यात घ्या. मिरजेला १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं, रेल्वे जंक्शन होतंच, तेव्हापासून या गावात लांबलांबनं पेशंट यायची जी सवय लागलीय ती अजून आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ तर आपलेच, पण पलीकडनं अथणी, चिक्कोडी, जमखंडी, पार विजापूरपासून माणसं येतात. यातली बरीच उशिरा येतात, गावात तेल लावून, पट्टी बांधून, दोन डॉक्टर करून झाल्यावर. पेशंटच्या दृष्टीनं हे वाईटच, पण शिकणाऱ्याला एकेका आजाराची पूर्ण वाढलेली अवस्था बघायला मिळते.

आता प्रोबकडं येऊ. पहिल्या महिन्यात एवढंच करा, आधी ब्लॅक अँड व्हाइट, मग कलर, मग स्पेक्ट्रल (प्रवाहाच्या स्पीडचा आलेख), हा क्रम मोडायचा नाही. नवीन माणूस कलरचं बटण आधी दाबतो कारण लालनिळं बघायला मजा येते, आणि मग भिंतीवरचा प्लाक (चरबीचा साठा), शिरेतली जुनी गुठळी सगळं त्या रंगाखाली झाकून जातं. दुसरं म्हणजे अँगल, प्रोबमधनं जाणारी लहर आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातला. स्पीड मोजताना ६० अंशाच्या आत ठेवा, आणि प्रोब शिरेला बरोबर काटकोनात धरला तर रक्त वाहत असून पण मशीन काहीच दाखवत नाही, कारण नव्वद अंशाची कोसाइन शून्य, अकरावी-बारावीचं गणित आहे. म्हणून रंग दिसला नाही की लगेच 'ब्लॉक' लिहून मोकळं व्हायचं नाही. प्रोब तिरका करा, स्केल खाली आणा, गेन वाढवा, पॉवर डॉप्लर (मंद प्रवाह पण पकडणारा मोड) लावा, तरी नाही दिसलं तर मग बोलू. (ख्रिश्चन डॉप्लरनं हे १८४२ मध्ये ताऱ्यांच्या रंगाबद्दल मांडलं होतं, पायाच्या शिरांशी त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.)

वेव्हफॉर्म, म्हणजे आलेखातली प्रवाहाची लाट, वाचायला शिका, खरी गंमत तिथं आहे. पायाच्या धमनीची नॉर्मल लाट तीन टप्प्यांची असते, जोरात पुढं, थोडी मागं, परत थोडी पुढं. वर कुठंतरी मोठा अडथळा असला की खाली ती मऊ, बसकी, एकाच टप्प्याची होते. म्हणजे तुमचा प्रोब घोट्याजवळ आहे आणि बातमी मिळतीय मांडीतली नाहीतर ओटीपोटातली. ठिबकच्या शेवटच्या ड्रीपरला पाणी येईना तर आपला शेतकरी ड्रीपरकडं बघत बसत नाही, तो मागं फिल्टर आणि व्हॉल्व बघायला जातो, तेच इथं करायचं.

शिरेतली गुठळी म्हणजे डीव्हीटी, त्याचं तंत्र एकदम साधं आहे आणि तेच लोक अर्धवट करतात. जांघेत प्रोब आडवा धरा, धमनी आणि शीर शेजारी शेजारी दोन काळे गोल दिसतात, हलकं दाबा, शीर पूर्ण चपटी होऊन दोन्ही भिंती एकमेकीला चिकटल्या पाहिजेत आणि धमनी तशीच गोल राहिली पाहिजे. चिकटल्या नाहीत तर आत काहीतरी आहे. मग दर एक-दोन सेंटीमीटरला दाबत दाबत गुडघ्यामागपर्यंत यायचं. मांडीच्या खालच्या भागात शीर खोल जाते, तिथं नुसतं वरनं दाबून काही होत नाही, दुसरा हात मांडीखाली घालून खालनं प्रोबकडं दाबायचं. हा दुसरा हात कुठल्या पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही, आणि नेमकी तिथलीच गुठळी सुटते. आणि दाबायचं हे फक्त आडव्या व्ह्यूमध्ये, उभा प्रोब धरून दाबला तर तो शिरेवरनं घसरतो आणि शीर दबली असं खोटंच वाटतं.

एक बाळंतीण आली होती, डावा पाय मांडीपासून सुजलेला, उजवा चांगला. सोबत सासू, तिचं म्हणणं वारं लागलंय. रेसिडेंटनं मांडी, गुडघा, पोटरी सगळं दाबून बघितलं, सगळीकडं शीर चपटी होतीय, गुठळी नाही. पण ती पोरगी हुशार, तिथं थांबली नाही. जांघेतल्या शिरेची लाट श्वासाबरोबर वरखाली व्हायला पाहिजे ती डाव्या बाजूला सपाट, उजव्या बाजूला मात्र झकास वरखाली. म्हणजे भानगड वर ओटीपोटात. व्हेनोग्राफी (शिरेत डाय घालून फोटो) केली तर डावी कॉमन इलियाक व्हेन, म्हणजे डाव्या पायाचं रक्त वर नेणारी ओटीपोटातली शीर, उजव्या बाजूच्या धमनीखाली मणक्यावर चेपलेली आणि तिथंच वर गुठळी. याला मे-थर्नर म्हणतात, १९५७ मध्ये मे आणि थर्नर या दोघांनी वर्णन केलेलं. दोन्ही पायांची लाट शेजारी शेजारी ठेवून बघितली म्हणून हे सापडलं. एकाच पायाची तक्रार असली तरी दुसऱ्या जांघेत एक मिनिट प्रोब ठेवायला काही लागत नाही.

व्हेरिकोज व्हेन्सचं लांबण लावत नाही. पेशंटला उभं करून बघा, झोपवून नाही, वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह म्हणजे रिफ्लक्स. विट्याच्या लूमवर उभं राहणारे, हॉटेलवाले, पोलीस, सलूनवाले, काम मिळत राहील याची काळजी करू नका.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते, ताकायासू, म्हणजे महाधमनी आणि तिच्या मोठ्या फाट्यांच्या भिंतीला सूज येऊन त्या अरुंद होण्याचा आजार. तरुण पोरगी, कॉलेजला जाणारी, चक्कर येतीय, केस विंचरताना हात भरून येतोय, पीएचसीत बीपी बघायला गेली तर डाव्या हातात बीपीच लागेना, मग मशीन बिघडलंय म्हणून दुसरं मशीन आणलं, ते पण बिघडलं! अशी केस तुमच्यापुढं 'नेक डॉप्लर, गिडीनेस' एवढ्या चिठ्ठीवर येते. म्हणून प्रोब धरायच्या आधी पेशंटचे दोन्ही मनगट हातात घ्या. अर्धा मिनिट लागतो. एका बाजूला नाडी नाही हे कळल्यावर तुम्ही जे बघता ते वेगळंच असतं. गळ्यातल्या कॅरोटिड धमनीची भिंत सगळीकडनं एकसारखी गोल जाड झालेली दिसते, म्हाताऱ्या माणसातल्या प्लाकसारखी एका बाजूला ओबडधोबड नाही, याला मॅकरोनी साइन म्हणतात. मिकितो ताकायासू हा जपानी डोळ्यांचा डॉक्टर, त्यानं १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्या दाखवल्या होत्या, महाधमनी त्यानं बघितलीच नव्हती. मनगटाची नाडी लागत नाही हा धागा त्याच्या बरोबरीच्या इतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी जोडला.

या पेशंटची सीटी अँजिओ (शिरेतनं कॉन्ट्रास्ट म्हणजे डाय सोडून केलेला रक्तवाहिन्यांचा सीटी) करताना टेक्निशियनला आधीच सांगा, कॅन्युला उजव्या हाताला. डाव्या हातातनं कॉन्ट्रास्ट सोडला की तो घट्ट डाय डाव्या ब्रेकिओसेफॅलिक शिरेतनं आडवा जातो, आणि बरोबर जिथं महाधमनीच्या कमानीतनं फाटे फुटतात तिथंच पांढरे पट्टे मारतो, म्हणजे जे बघायचंय तेच झाकलं. कॅन्युला कोपराच्या शिरेत, अठरा नंबरची मिळाली तर उत्तम, हाताच्या मागच्या बाजूची बारकी निळी कॅन्युला घेऊन सेकंदाला चार-पाच एमएलच्या स्पीडनं डाय मारला तर शीर फुटून हात सुजणार. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) चालू आहे का विचारा, आधी कधी डायची रिॲक्शन आली होती का ते पेशंटच्या तोंडून ऐका, फॉर्मवरच्या टिकेवर जाऊ नका. आणि स्कॅन नुसता गळ्या-छातीचा नको, खाली किडनीच्या धमन्यांपर्यंत घ्या, आपल्याकडच्या ताकायासूत पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या बऱ्याचदा सापडतात, आणि तरुण वयातल्या हाय बीपीचं कारण तिथं असतं.

दुसरा आजार बर्गर, हातापायाच्या बारक्या धमन्या बंद पडण्याचा, आणि गंमत म्हणजे हे नाव ज्याच्यावरनं पडलं त्या लिओ बर्गरचा पेपर पण १९०८चाच. हा आजार बिडीवाल्यांचा, वय चाळिशीच्या आतबाहेर, पायाचं बोट काळं पडलेलं, रात्री दुखण्यानं झोप नाही. डॉप्लरला मांडीतली धमनी गुळगुळीत, लाट छान, आणि गुडघ्याखाली एकदम धमन्या गायब. अँजिओत बारक्या पिळाच्या वाहिन्या दिसतात, स्क्रूसारख्या. शुगर, कोलेस्टेरॉल सगळं ठीक असतं म्हणून नातेवाइकांना पटत नाही. त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, मामा बिडी किती, बायकोसमोर कोण खरं बोलत नाही. आणि मशेरी-तंबाखूचंही विचारा. पुढं रिपोर्टमध्ये काहीही लिहा, तंबाखू बंद झाली नाही तर तो माणूस बोटांमागं बोटं घालवत जातो.

हे झाले आजार. पण जन्मजात वेगळी रचना असलेली माणसं पण येतात आणि त्यांना काहीच त्रास नसतो. डाव्या बाजूला जादाची सुपिरियर व्हेना कावा (शरीराच्या वरच्या भागाचं रक्त हृदयात नेणारी मोठी शीर), हजारात तीन ते पाच जणांना असते. उजव्या हाताची धमनी महाधमनीच्या कमानीचा शेवटचा फाटा म्हणून निघून अन्ननलिकेच्या मागनं जाते, हे साधारण शंभरात एखाद्याला. डावी रीनल व्हेन (किडनीची शीर) महाधमनीच्या पुढनं जायची ती मागनं जाते. सीटी कफासाठी केला होता, न्यूमोनिया लिहिला, विषय संपला, असं नका करू. उद्या त्याच पेशंटला आयसीयूत सेंट्रल लाइन घालायची वेळ आली, किंवा भावाला किडनी द्यायची ठरली, तर सर्जनला ही एक ओळ सोन्यासारखी असते.

डीएसएचं, म्हणजे धमनीत कॅथेटर घालून डाय सोडून केलेल्या अँजिओचं, थोडक्यात सांगतो. रक्तवाहिन्यांत औषध घालून फोटो काढायची कल्पना रॉन्टजेननं एक्स-रे शोधल्यावर काही आठवड्यांतच आली, जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात कापलेल्या हातावर ते केलं गेलं, मोनिझनं मेंदूची अँजिओ १९२७ मध्ये, आणि सेल्डिंगरनं १९५३ मध्ये सुई-वायर-कॅथेटरची जी युक्ती सांगितली ती आजही कॅथलॅबमध्ये जशीच्या तशी चालते. डॉप्लर आणि सीटी एवढं सुधारलंय की नुसत्या निदानासाठी डीएसए आता कमी लागते, उपचार करता करता होते.

ज्यांना त्या उपचारांच्या बाजूला जायचंय त्यांचा रस्ता असा: नीट पीजी, तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी, मग इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीची फेलोशिप नाहीतर तीन वर्षांचं डीएम, सीटा मोजक्याच आहेत. लेड ॲप्रन घालून तासन् तास उभं राहायची तयारी ठेवा, टीएलडी बॅज (रेडिएशनचा डोस मोजणारा) ॲप्रनच्या आत छातीला लावा आणि रोज लावा. वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, बॅज ड्रॉवरमध्ये ठेवला तर आकडा शून्य येईल पण डोस काय शून्य होत नाही. डॉप्लरला रेडिएशन नाही, पण पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा) आहे. शिरा बघायचं मशीन असलं तरी ते सोनोग्राफीचंच मशीन, रजिस्ट्रेशन पाहिजे, भिंतीवर बोर्ड पाहिजे, गरोदर बाईची सोनोग्राफी केली तर एफ फॉर्म पाहिजे. कागद रोजचे रोज पुरे करा, शनिवारी बसून आठवड्याचे भरायचे नाहीत.

टेक्निशियन व्हायचंय अशी बारावी सायन्सची पोरं पण विचारतात. इमेजिंगची बीएस्सी करा, चांगलं आहे, पण आपल्याकडं सोनोग्राफी-डॉप्लर डॉक्टरच करतो, तुमचं काम सीटी, एमआरआय, कॅथलॅब. आणि अँजिओचा फोटो चांगला येणं हे निम्मं तुमच्यावर असतं, डाय कधी पोचला ते ओळखून स्कॅन सुटला पाहिजे, आधी सुटला तर धमन्या काळ्या, उशिरा सुटला तर शिरा पण भरल्या आणि सगळी खिचडी.

रिपोर्टबद्दल एकच. पाय गार, पांढरा, नाडी नाही, दुखणं आज सकाळपासनं, आणि डॉप्लरला धमनी बंद, तर टायपिंग करत बसू नका, आधी सर्जनला फोन, कारण स्नायू साधारण सहा तासांत मरायला लागतात आणि त्यातले निम्मे तास तो माणूस गाडीत घालवून आलेला असतो. फोन केला ती वेळ रिपोर्टवर टाका.

आणि मिरजेत पोस्टिंग असेल तर थोडं कन्नड शिकून घ्या. सीटी अँजिओला श्वास धरायला मराठीत सांगितलं तर अथणीकडची आज्जी नुसती हसते आणि श्वास चालूच, आख्खा स्कॅन हलतो. 'उसिरु हिडीरी' म्हटलं की बरोबर धरते. 'बिडरी' म्हणजे सोडा, ते पण लक्षात ठेवा, नाहीतर ती धरूनच बसते.