चाचणीत 'बघून शिकणारी' आले आणि तोंडी परीक्षेत अडकले

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी लिहितेय. नर्सिंग, एमबीबीएसवाल्यांनीही वाचा.

सुरुवातीच्या आठवड्यात आमच्याकडून व्हार्कची प्रश्नावली भरून घेतली. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची, १६ प्रश्नांची. बघून, ऐकून, वाचून-लिहून की हातानं करून, कसं शिकायला आवडतं ते त्यातून कळतं. माझं आलं 'बघून'. मी तेच धरून बसले.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीची भिंत ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे मानेतून हाताकडं जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याच्या, आकृत्यांनी भरली. सी५ ते टी१ ही त्या जाळ्याची मणक्यातून निघणारी मुळं, प्रत्येक मुळाला वेगळं स्केचपेन. रात्री व्हिडिओ. मोठ्यानं म्हणणं, लिहून काढणं बंद, कारण ती 'माझी पद्धत' नव्हती. इंटर्नलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या, तोंडीला विचारलं, "ह्युमरस (दंडाचं हाड) मधोमध मोडला तर मनगटाचं काय होईल?" आकृती रंगांसकट डोळ्यांपुढं होती, पण त्या हाडाला लागून जाणाऱ्या आणि मनगट वर उचलणाऱ्या रेडियल नर्व्हचं नाव तोंडातून निघेना. नापास झाले. घरी सांगायला दोन दिवस लागले.

आता हे नीट वाचा. व्हार्क आवड सांगतं, कुवत नाही. आवडीच्या पद्धतीनं शिकवलं की जास्त शिकता येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ पाश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीचं संशोधन तपासून लिहिलं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढं, आठवड्यानं पाहिलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढं. मी त्या पाच मिनिटांनाच भुलले होते. सगळं येतंय असं वाटायचं, कारण आकृती समोर असायची.

मग कोरा कागद घेतला. न बघता काढायचं, मग पुस्तकाशी ताडायचं. रूममेटच्या दंडावर बोट फिरवत नर्व्ह कुठून जाते ते सांगायचं. संध्याकाळी रंकाळ्यावर फेऱ्या मारताना एकमेकींना प्रश्न. पुढच्या इंटर्नलला सुटले. आकृत्या मी आजही काढते, फक्त त्यांच्यावर थांबत नाही.

सीनियरांच्या नोट्सची झेरॉक्स घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवून लिहिण्याचं काम त्यांनी केलेलं असतं, तुमचं तसंच राहतं. 'एवढंच कर' म्हणणाऱ्या ताईपेक्षा उलटे प्रश्न विचारणारी ताई गाठा.

पहिल्या इंटर्नलला मार्क कमी पडले तर खचू नका, सावरायला वेळ असतो. पण विद्यापीठाची परीक्षा महिन्यावर आली असताना नुसते व्हिडिओ बघत असाल, तर आज रात्रीच ते बंद करा.