इलेक्ट्रॉन गनमधील फील्ड एमिशन कमी करण्यासाठी
कोल्हापुरात उद्यमनगरातील कारागिराकडून इलेक्ट्रॉन गनसाठी, म्हणजे निर्वातात इलेक्ट्रॉनचा झोत निर्माण करणाऱ्या उपकरणासाठी, स्टेनलेस स्टीलचा कॅथोड (ऋण) इलेक्ट्रोड घडवून घेतला, तर केवळ त्याच्या चकाकीवर समाधान मानू नये; कारण पॉलिशचा एखादा सूक्ष्म कण धातूत रुतून राहिला असेल, तर त्याच्या टोकाशी विद्युतक्षेत्र कित्येक पटींनी तीव्र होते आणि तेथूनच इलेक्ट्रॉन सुटू लागतात; या नकोशा उत्सर्जनालाच फील्ड एमिशन म्हणतात. म्हणून क्रमाक्रमाने बारीक होत जाणारी डायमंड पेस्ट वापरावी आणि प्रत्येक टप्प्यानंतर इलेक्ट्रोड अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुवावा, अन्यथा आधीच्या जाड पेस्टचे कण पुढच्या कापडावर येऊन नवे ओरखडे पाडतात. शेवटी अतिशुद्ध पाण्याच्या उच्च दाबाच्या फवाऱ्याने तो धुऊन स्वच्छ कक्षातच सुकवावा. माझ्या मते हाच टप्पा सर्वांत मोलाचा आहे. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात तर गनचा चेंबर (निर्वात कक्ष) कोरड्या नायट्रोजनने भरूनच उघडावा.

बेकिंगनंतर, म्हणजे चेंबर तापवून आतील ओलावा व वायू काढून टाकल्यावर, मालिकेत मोठा रोध ठेवून व्होल्टेज सावकाश चढवावे. तरीही उत्सर्जन थांबले नाही, तर चेंबरमध्ये अत्यल्प हेलियम किंवा क्रिप्टॉन सोडावा, म्हणजे उत्सर्जनाच्या जागेजवळ तयार होणारे आयन तिथेच आदळून ती टोके बोथट करतात. या काळात क्ष-किरण निर्माण होतात, त्यामुळे शिल्डिंग आणि किरणोत्सर्ग मापक यांशिवाय व्होल्टेज मुळीच चढवू नये.